घरटी की माणशी?

न्यू जर्सीत मी अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करून घेते. शनिवारच्या वर्गात बहुतेक आपलेच आजी-आजोबा. उत्तरं इंग्रजीत घोकायची, शंका मराठीत विचारायच्या.

त्या दिवशी प्रश्न होता, प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर का? उत्तर: समान प्रतिनिधित्व. मी पुढे सरकणार तेवढ्यात भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर तलाठी होते.

"थांबा बाई. कॅलिफोर्नियाची वस्ती किती?"

"2020 च्या जनगणनेत साडेतीन कोटींच्या बऱ्याच वर. वायोमिंगची पावणेसहा लाख."

"आणि दोघांना दोन-दोनच? आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 आणि गोव्याचा एक. ही वाटणी केली कुणी?"

पुस्तक मिटलं. 1787 चा उन्हाळा, फिलाडेल्फिया. अमेरिकेची घटना लिहायला राज्यांचे प्रतिनिधी जमलेले. व्हर्जिनियाला दोन्ही सभागृहांत वस्तीच्या हिशेबानं जागा हव्या होत्या. आमच्या न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन आडवे आले: सभागृह एकच, राज्याला मत एकच, चालत आलंय तसंच. (हायवेवर पाटी दिसते ते पॅटरसन शहर यांच्याच नावाचं.) डेलावेअरवाल्यांना तर समान मत सोडायचं नाही, असं बजावूनच पाठवलेलं. शेवटी कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन वगैरे मंडळींनी रेटलेली तोड निघाली. एका सभागृहात वस्तीप्रमाणे, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, सगळे सारखे.

"म्हणजे एक माणशी, एक घरटी," भाऊसाहेब म्हणाले. "जत्रेची वर्गणी काढताना आमच्याकडं दरवर्षी हेच भांडण."

इतकी वर्षं शिकवतेय, पण इतकं सुटसुटीत मला कधी सांगता आलं नव्हतं.

16 जुलैला ठराव पास झाला, तोही 5 विरुद्ध 4 असा. मॅसॅच्युसेट्सच्या माणसांत निम्मी-निम्मी फूट, म्हणून त्यांचं मत बाद. न्यूयॉर्कवाले उठून गेलेले, न्यू हॅम्पशायरवाले अजून पोचायचे होते, ऱ्होड आयलंडनं तर कुणाला पाठवलंच नाही.

"माणशी म्हणजे सगळी माणसं धरली ना?" मागून एका आजींनी विचारलं.

मी घुटमळले. गुलाम पाच असले तर तीन धरायचे. त्यांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जागा जास्त. वर्ग गप्प झाला. भाऊसाहेबांनी वहीत 3/5 लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

"मग आता सिनेटचं तरी बदलत का नाहीत?"

"घटनेतच लिहिलंय. ज्या राज्याचं समान मत काढायचं, त्याचीच संमती लागते."

"वायोमिंग कशाला सही करंल!" ते खळखळून हसले. "ही सातबाऱ्यावरची इतर हक्कातली नोंद झाली की हो."

मुलाखतीत एवढं सगळं सांगत बसू नका, असं मी त्यांना निघताना दोनदा बजावलं. पुढच्या महिन्यात ते पास झाले. हा प्रश्न मात्र आलाच नाही, आणि त्याचीच त्यांना चुटपुट.