रिपोर्ट आला, निकाल नाही

सांधेदुखीसाठी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचं होतं. त्याआधी सुप्त क्षयरोग तपासतातच, कारण औषधाने प्रतिकारशक्ती दबली की अंगात गप्प पडलेले जंतू डोकं वर काढू शकतात. डॉक्टरांनी क्वांटिफेरॉन ही त्यासाठीची रक्तचाचणी लिहून दिली. रक्त दिलं, रिपोर्ट आला: ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्ह नाही.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “पॉझिटिव्ह नाही ना, मग झालं तर!” झालं कुठे? डॉक्टर त्या कागदावर इंजेक्शन देईनात आणि लॅब म्हणे, आमचं काम संपलं.

शेवटी मीच आकडे वाचायला बसले. रक्त चार नळ्यांत घेतात, प्रत्येकीत जेमतेम 1 मिली. करड्या झाकणाची नळी कोरी. हिरव्या आणि पिवळ्या झाकणाच्या नळ्यांत क्षयजंतूंच्या प्रथिनांचे तुकडे. जांभळीत मायटोजेन, म्हणजे पेशींना हमखास डिवचणारा पदार्थ. डिवचलेल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, ते मोजतात. माझ्या जांभळ्या नळीतल्या पेशीच थंड, डिवचूनही हलेनात! मग हिरव्या-पिवळ्यातल्या शून्यावर विश्वास कसा ठेवायचा? एक तर माझ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे पेशी सुस्तावल्या असतील, नाहीतर रक्त वेळेत इन्क्युबेटरमध्ये गेलं नसेल. या नळ्यांत घेतलेलं रक्त 16 तासांच्या आत 37 अंशांवर ठेवावंच लागतं. “माझं किती वाजता ठेवलं?” एवढंच विचारत होते. काउंटर म्हणे टेक्निशियनला विचारा, टेक्निशियन म्हणे मुख्य शाखेला, मुख्य शाखा फोन होल्डवर टाकी. उत्तर आजतागायत नाही.

त्यामुळे रक्त देण्याआधीच विचारा, इन्क्युबेटर इथेच आहे का. नसेल तर सॅम्पल कधी निघतं? दुसरी लॅब मी याच प्रश्नावर निवडली. तिथल्या मुलीने नळ्या माझ्यासमोर दहादा हलवल्या, आतली भिंत पूर्ण रक्ताने माखेपर्यंत. पहिल्या ठिकाणी भरल्या नि थेट स्टँडमध्ये खोचल्या होत्या.

हो, लहानपणीच्या बीसीजीची काळजी नको. त्याने त्वचेवरची चाचणी फसू शकते, ही नाही. पण ताजी जिवंत लस घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि पॉझिटिव्ह आली तरी रोग सुप्त की सक्रिय, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि लक्षणं बघतात.

दुसऱ्यांदा जांभळी नळी झकास पेटली, बाकीचे आकडे 0.35 या पॉझिटिव्हच्या रेषेच्या खूप खाली. निगेटिव्ह! इंजेक्शन सुरू झालंय. पहिल्या लॅबकडे पैसे परत मागितलेत, तो अर्जही बहुधा मुख्य शाखेत होल्डवर असावा.