मसाई मारात पायी फिरण्याआधी: पिवळ्या कार्डाचा माझा अनुभव

केनियाची ऑनलाइन प्रवासपरवानगी आणि मुंबई-नैरोबी तिकीट दोन्ही बिनबोभाट झालं. अडलं ते पिवळ्या तापाच्या लशीपाशी.

बहुतेकांना वाटतं, ही लस केनिया मागतो. भारतातून थेट गेलेल्याकडे तो मागत नाही. परतताना आपलाच देश मागतो. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, ताप मात्र अजून आलेला नाही. म्हणून लस घेतल्याचा दाखला, म्हणजेच पिवळं कार्ड, नसताना उतरलात तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून आयुष्यभर चालतं.

लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक वारीच बोलावतात. हे पटतं. पण "आज माणसं पुरेशी नाहीत" हे रांगेत दोन तास उभं केल्यावर सांगायचं? त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या खेपेला लस टोचली, तर कार्डावर पासपोर्टचा एक आकडा चुकला आणि तो तिथल्या तिथे खोडून वर नवा लिहून दिला. खाडाखोड झालेलं कार्ड अमान्य ठरू शकतं, तसं कार्डावरच छापलेलं असतं! कोऱ्या कार्डासाठी तिसरी खेप. म्हणून टेबल सोडण्याआधी नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, बॅच नंबर, शिक्का सगळं वाचा आणि स्वतःची सही तिथेच करा. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय 60 च्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. प्रवासाच्या निदान दीड महिना आधी या कामाला लागा.

मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात पायी फिरू देत नाहीत. शेजारी मसाई लोकांच्या जमिनीवरच्या नाबोइशो, ओल किन्येई अशा कॉन्झर्व्हन्सींमध्ये (वन्यजीवांसाठी राखलेल्या रानांत) वाटाड्याबरोबर चालता येतं. एकामागे एक, न बोलता. वाटाड्या चिमूटभर माती उडवून वारा बघतो; वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर वाट बदलतो. रानरेड्याला लांबून वळसा, पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये कधीच नाही, आणि सिंह समोर आला तर पळायचं नाही, वाटाड्या सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही. बूट नवे नकोत, तळ जाड हवा. बाभळीचे काटे पातळ तळातून आरपार जातात.

रात्री तंबूची चेन सतत बंद, बूट आत. चिवडा-लाडू तंबूत ठेवू नका, स्वयंपाकाच्या पेटीत द्या. जागा 1,500 मीटरहून उंच, जुलै-ऑगस्टात पहाटे जाड स्वेटर लागतोच.

हो, आणि कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका. केनियात 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे. कापडी पिशव्या घ्या. गवतात गोचीड असतात, पँट मोज्यांत खोचूनच चाला.