तोहाकूचं धुकं

जपानी शाईचित्रांत धुकं बहुतेक वेळा काढलेलं नसतं, कागद कोरा सोडलेला असतो. चित्रकार हासेगावा तोहाकूचे पाइन वृक्षांचे पडदे, म्हणजे घड्या घालून उभे करायचे चित्रफलक, मी पुन्हापुन्हा बघते ते याचसाठी. सोळाव्या शतकाच्या अखेरचं काम. सहा-सहा घड्यांचे दोन पडदे, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

पुढची झाडं बघा. गडद शाईचे फटकारे इतके घाईचे आणि खरखरीत, की जवळून झाड दिसतच नाही, नुसत्या रेघोट्या. चार पावलं मागे सरकलं की फांद्या, सुया, अगदी वारासुद्धा जागच्या जागी येतो. मागची झाडं पाणी घालून फिकट केलेल्या शाईत. या दोहोंच्या मधे काहीच नाही, आणि धुकं दाटतं ते तिथेच!

सेश्शू या जपानी चित्रकाराचं १४९५ सालचं उडवलेल्या शाईचं निसर्गचित्रही मला फार आवडतं. ओल्या शाईत डोंगर विरघळतात. पण खाली छप्पर आणि होडी आहे, नजरेला टेकायला जागा मिळते. तोहाकू जमिनीची रेघही जवळजवळ देत नाही. म्हणून मला तो जास्त धाडसी वाटतो. छोट्या छापील चित्रात मात्र हा कोरेपणा पांढराफटक पडतो, शक्यतो मोठी प्रतिमाच बघा.