टपालपेटीवरची पदे

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली लोखंडी टपालपेट्यांची एक रांग आहे. परवा दुपारी वीज गेल्यामुळे लिफ्ट बंद होती आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवून मी दम खात उभा होतो, तेव्हा त्या पेट्यांवरची नावे मी प्रथमच ओळीने वाचली : जोशी, काझी, गुरव, दस्तूर, पुराणिक, दिवटे. यांपैकी जोशी विमा विकतात, काझी हिशेबतपासनीस आहेत आणि पुराणिकांना संध्याकाळच्या मालिकांखेरीज कोणतीही कथा ऐकवत नाही. तरीही कधी काळी या प्रत्येक घरातल्या कुणाकडे तरी धर्माचे एखादे ठरलेले काम होते आणि ते काम सुटल्यानंतरही त्याची पाटी घराला चिकटून राहिली.

दिवटे हे नाव वाचून मला पंढरपूर आठवले. तेथे बडवे आणि उत्पात या घराण्यांखेरीज विठ्ठलाच्या सेवेत सात सेवाधारी घराणी होती. पुजाऱ्याने पूजा करायची, बेणाऱ्याने मंत्र म्हणायचे, परिचारकाने स्नानाचे पाणी आणायचे, हरिदासाने पदे गायची, डिंगऱ्याने देवाला आरसा दाखवायचा, दिवट्याने दिवटी धरायची आणि डांग्याने चांदीची काठी घेऊन उभे राहायचे, अशी ती वाटणी होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे हक्क १९७३च्या कायद्याने संपवले आणि २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मला मात्र त्या वादापेक्षा आरशाचेच अप्रूप अधिक वाटते. देव नटून तयार झाल्यावर त्याला स्वतःचे रूप पाहावेसे वाटेल, हे ज्याला सुचले तो माणूस घरात लहान मुले असलेला असावा.

त्यानंतर जी जी भारदस्त धर्मपदे आठवली, त्यांच्या पोटात असेच एखादे साधे काम किंवा घरगुती वस्तू सापडू लागली. बिशप हा मूळ ग्रीक शब्दाप्रमाणे देखरेख करणारा, म्हणजे आपल्याकडचा मुकादमच. इमाम म्हणजे पुढे उभा राहणारा. पाद्री हा पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला ‘बाप’, आणि पोप हाही बापच. फरक एवढाच, की तो ग्रीक लेकरांच्या बोबड्या बोलीतला आहे. कार्डिनल या शब्दाच्या मुळाशी तर लॅटिनमधली दाराची बिजागरी आहे. आमच्या दस्तूरांच्या पेटीवरचे नाव पारशांच्या वडील धर्मगुरूचे. पण अग्यारीतल्या मोबेदाचे, म्हणजे पुजाऱ्याचे, रोजचे काम म्हणाल, तर आपल्या श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून तोंडावर पांढरे पदान बांधायचे आणि दिवसाच्या पाचही प्रहरी त्या अग्नीला लाकूड घालायचे.

भिक्खू या शब्दाने तर कामाचा मुलाहिजाच ठेवलेला नाही. तो सरळ भिक्षा मागणारा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी डॉ. आंबेडकरांना दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थवीर होते, आणि हे ‘महास्थवीर’ पद भिक्खूने किमान वीस वर्षावास पुरे केल्यावर त्याच्या नावापुढे लागते. भिक्खूंची ज्येष्ठता जन्मतारखेवरून ठरत नाही. संघात आल्यापासून त्याने किती पावसाळे काढले, ते मोजतात. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे दरडावणाऱ्या आमच्या आजोबांना हा हिशेब एका क्षणात पटला असता.

ही पदे कामावरून ओळखली जात असल्यामुळेच बहुधा ती एका धर्मातून दुसऱ्या धर्मात फारसा संकोच न करता जातात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये लग्न आणि सुंता लावणाऱ्या माणसाला काजी म्हणत असत. त्यात त्यांना किंवा शेजारच्या मुसलमानांना काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. त्यांचे मुंबईतले पहिले प्रार्थनास्थळ १७९६चे. त्याला लोक मशीद म्हणू लागले, आणि मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्याच्या कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधवलेले ज्यूंचेच प्रार्थनास्थळ लाल विटांमुळे ‘लाल देऊळ’ झाले. मुंबईकराने ज्याला मशिदीत बसवले त्याला पुणेकराने देवळात नेले, आणि पत्ता विचारणारा दोन्हीकडे बिनचूक पोहोचतो.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून दिवटे खाली उतरले. वीज सगळीकडची गेली आहे की आपलाच फ्यूज उडाला आहे, हे त्यांना पाहायचे होते. पण मीटरच्या खोलीत काळोख होता. त्यांनी दाराशी उभे राहून आधी स्वतःचे खिसे चाचपले आणि मग मला विचारले, “अहो, तुमच्याकडे बॅटरी आहे का?” मी पिशव्या तिथेच ठेवल्या, मोबाइलचा दिवा लावला आणि त्यांचे काम होईपर्यंत तो धरून उभा राहिलो.