पीएमपीचं ऑडिट आणि एका सहीपायी गेलेले ७ आठवडे

पीएमपीची परीक्षा पास होऊन वर्ष झालं तरी त्या सहीचा विषय निघाला की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. मी सिव्हिलवाला. नाशिकला ४ वर्षं साइटवर काढली, मग पुण्यात आलो, आता वाकडला एका टॉवरच्या कामावर आहे. पीएमपी हे पीएमआय या अमेरिकन संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट, त्याला ४ वर्षांची डिग्री असेल तर गेल्या ८ वर्षांतला ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागायचं. ट्रेनिंग शनिवार-रविवार ऑनलाइन केलं, अर्ज मंजूर झाला, फी भरली आणि लगेच मेल आला, तुमचा अर्ज ऑडिटला निवडलाय.

ऑडिट कुणालाही लागू शकतं, काही अर्ज असेच उचलून तपासतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कागद द्यायला ९० दिवस मिळतात. डिग्री आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घरातच होतं. पण अनुभवाचं असं की अर्जात तुम्ही ज्यांचं नाव दिलंय त्यांनी तुम्ही लिहिलेलं वाचून, बरोबर आहे म्हणून सही करायची. नाशिकच्या दोन्ही प्रोजेक्टला मी माझ्या तेव्हाच्या सरांचं नाव टाकलं होतं, त्यांना न विचारता, आणि सर तोवर कंपनी सोडून गेले होते, नंबरही बदललेला. मग मला वाटलं कंपनीचीच सही आणि शिक्का लागणार, आणि गेलो जुन्या ऑफिसला.

तिथल्या एचआर मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला अनुभव पत्र दिलंय ना, मग हे काय आणखी?" समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या लीगलला पाठवलंय. तिसऱ्या आठवड्यात लीगलवाले सुट्टीवर. मी कामावरून रजा टाकून पुणे-नाशिक एसटीने ४ वेळा गेलो, दर वेळी रिसेप्शनला दीड-दोन तास बसवलं, पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. सहाव्या आठवड्यात खरं कारण कळलं. "तुमचं पद साइट इंजिनियर होतं, आणि इथे तुम्ही शेड्यूल बनवलं, ठेकेदारांची टीम सांभाळली असं लिहिलंय, ते आम्ही कसं मान्य करायचं?" अहो, १२ मजल्यांच्या प्रत्येक स्लॅबची तारीख मी ठरवायचो, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी अडकली की रात्री ११ वाजता फोन मला यायचा! पीएमआयला पदाच्या नावाशी देणंघेणं नाही, काम काय केलंत ते बघतात. पण हे त्यांना पटवता पटवता माझा आवाज चढला आणि त्यांनी फाइल बंद केली.

त्या रात्री पहिल्यांदा ऑडिटच्या सूचना शांतपणे वाचल्या. त्यात कंपनीचा शिक्का लागतो असं कुठेही नव्हतं. सरांची सही पुरेशी होती! त्यांनी कंपनी सोडली असली तरी. आमच्या जुन्या मुकादम मामांना फोन केला, त्यांच्याकडे सरांचा नवा नंबर होता. रविवारी जुने डीपीआर (रोजच्या कामाचे रिपोर्ट) आणि साप्ताहिक मीटिंगचे मिनिट्स घेऊन सरांच्या घरी गेलो. सरांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, एका ठिकाणी महिन्याची चूक दाखवली आणि १० मिनिटांत सही केली. वर म्हणाले, "अरे, आधीच यायचंस की." पेपर अपलोड केल्यावर आठवड्याच्या आत क्लिअर. म्हणून सांगतो, अर्ज भरायच्या आधी ज्यांचं नाव देणार त्यांना फोन करा, तुम्ही काय लिहिलंय ते वाचून दाखवा, मगच सबमिट करा.

परीक्षेचं थोडक्यात. मी दिली तेव्हा १८० प्रश्न, २३० मिनिटं, मध्ये १० मिनिटांचे २ ब्रेक, आणि ब्रेक घेतला की आधीच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही हे लक्षात ठेवा. माणसं सांभाळण्यावर ४२ टक्के, प्रोसेसवर ५० टक्के, बाकी ८ टक्के बिझनेसचं. पॅटर्न बदलत असतो, तेव्हा ताजा बघून घ्या. अजाईल, म्हणजे थोडं थोडं काम करून दाखवत प्लॅन बदलत जायची पद्धत, साइटवाल्यांना जड जाते, ती लवकर सुरू करा. अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी ताडून बघणं, मला स्लॅबवरून समजलं, आजपर्यंत १० स्लॅब व्हायला हवे होते आणि ८ झाले, सगळे सारख्याच किमतीचे धरले तर एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.८.

माणसांचा भाग मात्र साइटवरच शिकलो. सेंटरिंगचा (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचा) ठेकेदार रोज "होऊन जाईल साहेब" म्हणायचा आणि मी रोज ओरडायचो. एकदा ओरडायचं सोडून चहाला बसवलं, तेव्हा कळलं त्याचं आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) २ महिने आमच्याच ऑफिसात पडलंय आणि त्याची निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर गेलीत. बिल मागे लागून काढून दिलं, चौथ्या दिवशी माणसं परत. छठला बिहारची पोरं गावी जाणार हे आता मी शेड्यूलमध्ये आधीच धरतो, आधी दर वर्षी क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की अख्खा प्रोजेक्ट लांबतो ती साखळी) तिथेच बोंबलायचा.

हो, एक राहिलंच, अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत एक हवं. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं, ते आधी तपासा.

सध्या माझ्या साइटवरची एक ज्युनियर मुलगी अर्ज भरतेय. तिने माझं नाव द्यायचं का विचारलं, मी तिचा मजकूर दोनदा वाचला, एक तारीख दुरुस्त केली आणि सांगितलं, ऑडिट आलं तर त्याच दिवशी कागद घेऊन ये.