अण्णा कधी हात हलवत आले नाहीत

पेपरात निधनवार्ता द्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटांत मजकूर तयार करून दिला. मनमिळाऊ, धार्मिक व परोपकारी वृत्तीचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे. आता आमचे सासरे, म्हणजे अण्णा, मनमिळाऊ होते हे शंभर टक्के, परोपकारी म्हणा हवं तर, कारण भोरातले कितीतरी स्टो त्यांनी उधारीवर दुरुस्त केले आणि उधारी काही वसूल केली नाही, पण धार्मिक? देवळात जायचे ते मागच्या ओढ्याला पाणी किती आलंय ते बघायला. मी काही बोललो नाही. छापलं तसंच.

त्यांचं दुकान म्हणजे बाजारात एक गाळा, स्टो, बत्त्या, छत्र्या, पुढे पुढे मिक्सर. दुकान बंद असेल त्या दिवशी सकाळी पिशवी उचलायची, "आलोच" म्हणायचं आणि निघायचं. रोहिड्याच्या अंगाला, रायरेश्वराला, वरंध घाटाकडे, नाहीतर भाटघरच्या बॅकवॉटरला गळ टाकायला. आलोच म्हणजे दिवेलागणीच्या आत, यात फरक नाही. आमच्या पुण्यात शनिवारी रात्री स्वारगेटला किंवा नळस्टॉपला बघा, पाठीवर या एवढ्या सॅका, हातात काठ्या, रविवारी राजगड करून येतात आणि सोमवारी ऑफिसात सांगतात की मोबाईलला रेंज नव्हती, घरच्यांचा फोन नाही, काय शांत वाटलं! वाटत असेल, मीही त्यातलाच आहे. पण अण्णांना हे काही केल्या कळायचं नाही. घरापासून सुटका म्हणून डोंगरात जायचं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, ते घराचंच काम करायला जायचे.

ती पिशवी बघण्यासारखी होती. जुन्या टेरिकॉटच्या पँटचा एक पाय कापून सासूबाईंनी मशीनवर शिवलेली, बंद त्याच पँटच्या कमरपट्ट्याचे, त्यामुळे एका बंदावर बटणाचं काज तसंच राहिलेलं. आत सुतळीचं बंडल, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी, छोटा कोयता, बॅटरी, भाकरी, कांदा, खर्डा. आणि धुऊन घडी घातलेल्या रिकाम्या पिशव्या, भरपूर. जाताना चपटी, येताना फुगलेली. मे महिन्यात करवंदं, जांभळं. पावसाची सुरुवात झाली की फोडशी, भारंगी, कुर्डू. बाकी काही नाही मिळालं तर बंबात घालायला काटक्या. माझी बायको म्हणते, आम्हाला अण्णांनी कधी फिरायला म्हणून नेलं नाही, कामालाच न्यायचे. रायरेश्वराच्या पठारावर या दोघी बहिणींनी काय केलं तर वेगवेगळ्या रंगांची माती गोळा केली, गणपतीच्या आराशीला. तिथे शिवाजी महाराजांनी शपथ घेतली हे तिला म्हणे चौथीच्या पुस्तकात आल्यावर कळलं, तोवर ती जागा म्हणजे मातीचं दुकान. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी खूप उतरलं की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेवढं मात्र ते मुद्दाम दाखवायला न्यायचे, पण तिथेही गळ सोबत असायचाच.

मला त्यांनी नेलं 2015 साली. त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, धोंड्याचं जेवण म्हणून सासुरवाडीला गेलो, चांदीचं निरांजन वगैरे मिळालं, पुरणाचे धोंडे खाऊन सुस्त पडलो होतो आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. रात्री आठला अण्णा उंबऱ्यात उभे. "जावई, येताय का, खेकडे निघाले असतील." नाही कसं म्हणायचं? ओढ्यात घोट्याएवढं पाणी, हातात बॅटरी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. त्यांनी दाखवलं, खेकडा समोरून धरायचा नाही, वरून पाठ बोटाने दगडावर दाबायची आणि मग मागून चिमटीत उचलायचा, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. पण खरी गंमत पुढे होती. उचलला की प्रत्येक खेकडा ते उलटा करून बॅटरी मारायचे. पोटाखालची झडप अरुंद असली की नर, पिशवीत. रुंद असली की मादी, मग ती झडप नखाने हळूच उचलायची. एकीच्या झडपेखाली मोहरीच्या दाण्याहून जराशी मोठी, हुबेहूब खेकड्यासारखी, पाय हलवणारी पिल्लं गच्च भरली होती. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अशी आईच्या पोटाखालीच अंड्यातून बाहेर पडतात आणि जरा मोठी होईपर्यंत तिथेच राहतात हे मी एमेस्सी होऊन त्या ओढ्यात शिकलो. ती मादी त्यांनी जिथून उचलली त्याच दगडाखाली परत ठेवली. लांब फेकून नाही दिली. भूतदया वगैरे काही बोलले नाहीत, म्हणाले, "पुढच्या वर्षी काय खाणार मग?"

घरी आलो तर सासूबाईंनी दारातच अडवलं. अधिकात माझ्या स्वयंपाकघरात खेकडे शिजणार नाहीत, आणि तेही जावयाला! बरोबरच होतं त्यांचं. अण्णा शांतपणे वळले, दुकान उघडलं, कुणाचातरी दुरुस्तीला आलेला पंपाचा स्टो पेटवला आणि गाळ्यात बसून रस्सा केला. त्यात मीठ जास्त पडलं होतं. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, चालवून बघितलाय, फर्स्टक्लास आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काही महिने ते आमच्याकडे कोथरूडला होते. जरा चालायला लागल्यावर वेताळ टेकडीवर घेऊन गेलो. सकाळी सहाला तिथे ही जत्रा, कानात इअरफोन, हातात पाण्याच्या बाटल्या, बरोबर कुत्री. अण्णा एका दगडावर बसून बराच वेळ चढणारे उतरणारे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढी माणसं वर जातात आणि सगळी हात हलवत खाली येतात?" मी म्हटलं अण्णा, व्यायाम करतात. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नसावं. टेकडीवरच्या उंदीरमारीवरही त्यांचा राग. बाहेरचं झाड आणून डोंगरभर लावून ठेवलंय, ना त्याला फळ ना त्याखाली धड काही उगवतंय, मोरांनी तरी काय खायचं, असं ते रोज एकदा म्हणायचे. त्यांनी स्वतः मात्र नेम मोडला नाही. रोज येताना खिशातून काहीतरी निघायचंच, मोराचं पीस, कसल्यातरी बिया, एकदा तर कुणाच्या तरी बुटाची पडलेली लेस, चांगली आहे म्हणून. माझ्या मुलीने त्यासाठी एक डबाच केला होता. बायकोला त्या डब्यात एकदा मुंगळे सापडले तेव्हापासून तो गॅलरीत.

अण्णा गेले ते त्यानंतर भोरलाच, दुकानाच्या वरच्या खोलीत. दहाव्याला जी माणसं आली त्यातली निम्मी आम्ही कुणीच ओळखत नव्हतो. कोर्ल्याची, बाजारवाडीची, एक म्हातारा तर थेट घाटाखालून आला होता. येताना प्रत्येकाने काहीतरी आणलेलं, तांदूळ, नाचणी, भोपळा. आता अशा वेळेला भोपळा कोण आणतं? पण त्यांनी आणले. सासूबाईंनी नीट ठेवून घेतले.

यंदा पहिला पाऊस पडला तसा मुलीने धोशा लावला, आपण जाऊ ना खेकडे आणायला, आजोबांची पिशवी आहे अजून. मलाही सुरसुरी आली, धरायचे कसे ते तर येतंच आता. सासूबाईंना फोन लावला, शनिवारी येतो म्हटलं, असा असा बेत आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"या की," म्हणाल्या. "पण ती पिशवी मी दळणाला घेतलीये. आणि खेकडे आणलेत तर तुम्हीच फोडायचे, तुम्हीच वाटण करायचं. रात्री अकरा-अकराला बसून चाळीस वर्षं मी नांग्या ठेचल्यात, आणि त्यांचं नाव काय, तर अण्णांनी खेकडे आणले."