लुइजीनंतरचा नंबर

माझी अक्षरलेखनाची कार्यशाळा संपली की कोणीतरी हटकून विचारतंच, "ताई, तुमची अक्षरं अशी ठोकळ्यांची, उड्या मारणारी का? लहानपणी व्हिडिओ गेम खूप खेळायचात वाटतं?" आजवर मी हसून मान डोलावली. आता तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. मी खेळलेच नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात ते मशीन एकाच घरी होतं. त्यावरच्या मारिओ या गेममध्ये दोघांनी खेळायचं म्हटलं तरी एकत्र खेळता येत नाही. पहिल्याचा मारिओ मेला की दुसऱ्याच्या लुइजीचा नंबर. दोन्ही कंट्रोलर मुलांच्या हातात आणि मी मागे सतरंजीवर. ती दोघं पाणी प्यायला उठली की मी कंट्रोलर उचलायचे. सुरुवातीला गेमच्या नावाची पाटी पडद्यावर असताना कोणी बटण दाबलं नाही, तर थोड्या वेळानं मारिओ आपोआप धावू लागतो. मी बटणांवरून नुसताच अंगठा फिरवायचे. मीच खेळतेय, असं वाटायचं.

म्हणून खेळापेक्षा मला ती पाटीच जास्त पाठ आहे. फिकट अक्षरं, त्यांना काळी सावली. आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन आणि एका चौकोनात फार तर चार रंग, एवढ्यावर सगळं चित्र उभं असायचं, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा इतकंच कळायचं, की हे अक्षर काचेतून काढून हातात धरता येईल.

1996 च्या मे महिन्यात मी त्यांची गेमची कॅसेट घरी आणली. न सांगता, फ्रॉकच्या खिशातून. पिवळी होती, लेबलावर नऊच्या आकड्यांची रांग आणि खाली फुगीर अक्षरं. आमच्याकडे मशीनच नव्हतं, त्यामुळे खेळण्याचा प्रश्नच नव्हता. मला ती अक्षरं गिरवायची होती. सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली भूगोलाच्या वहीत मी त्याच वळणाचं माझं नाव काढायला बसले. इंग्रजी अक्षरं सोपी, सुटी सुटी उभी राहतात. माझ्या नावाला शिरोरेघ. तिला जाडी दिली की तिची सावली खालच्या सगळ्या अक्षरांवर पडे. कान्याला दिली की तो पुढच्या अक्षरात घुसे. 'ध'चं पोट पार बुजून गेलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

सकाळी त्या मुलांच्या घरच्या काकू दारात उभ्या. वरच्या सज्ज्यातून सगळा वाडा बघत होता. कॅसेट भूगोलाच्या वहीखालीच सापडली. काकू ओरडल्या नाहीत. "मागितली असतीस तर दिली नसती का गं?" एवढंच म्हणाल्या. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या आणि मला जिन्यानं वर पाठवलं. कॅसेट दोन्ही हातांनी परत केली. थोबाडीत विसरले, काकूंचा प्रश्न विसरले नाही, कारण मागावं हे मला सुचलंच नव्हतं. त्या घरात मागायची सोय माझ्यासाठी नाही, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. मी चोर नव्हते. पण कॅसेट चोरलीच होती. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही.

दहा वर्षांपूर्वी मीच एका कार्यशाळेत हौसेनं सांगितलं होतं, की ही अक्षरं म्हणजे माझ्या खेळकर बालपणाची आठवण. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कुठलं बालपण गं? पण मारिओ आपोआप धावायचा तेव्हा मी आनंदात असायचे, हेही खोटं नाही. यातलं कुठलं खरं धरायचं, ते मला अजून ठरवता येत नाही.

"बालबोध वळण असताना अक्षराला जाडी कशाला?" असंही ऐकवतात. ऐकून घेते, पण पटत नाही. शिरोरेघेचा प्रश्न सुटायला मला कितीतरी वर्षं लागली. मी सावली खाली टाकणंच सोडलं, जाडी वरच्या बाजूला दिली. रेघ म्हणजे जमीन झाली. तिच्यावर मात्रा, वेलांट्या, रफार उड्या मारतात आणि अक्षरं खाली मोकळी लटकतात. पोटं उघडी राहतात, 'ध' वाचता येतो. हे त्या रात्रीच्या फाटक्या कागदावरचं काम आहे.

मागच्या दिवाळीत लक्ष्मी रोडवर त्या घरातला धाकटा भेटला. माझं काम त्यानं पाहिलं होतं. म्हणाला, "बघ, आमच्याकडे तासन् तास खेळायचीस, त्याचं चीज झालं!" कॅसेटचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

मी "हो" म्हटलं.